सात वर्षं अडकलेली फाईल

आमच्याकडे 'द व्हील ऑफ टाइम' या इंग्रजी फँटसी कादंबरी-मालिकेचा चौथा भाग अर्धाच आहे. अर्धा वाचून ठेवलेला नव्हे, खरोखरच अर्धा. पुढचा गठ्ठा माझ्याकडे, मागचा न्यू जर्सीत माझ्या हॉस्टेलमधल्या रूममेटकडे. १९९९च्या पावसाळ्यात आम्ही तो कांदा चिरायच्या सुरीनं कापला होता. फूटपाथवरून घेतलेली हजार पानांची बुटकी, जाडजूड पेपरबॅक, कणा आधीच मोडलेला. ही मैत्रीण वाचनात माझ्यापुढे होती आणि मला थांबवत नव्हतं. मग तिनंच तोडगा काढला. पुस्तकाचे तुकडे करताना पाप लागेल असं वाटलं होतं, पण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात माणूस पापाचा फार विचार करत नाही.

त्या सुरीपासून आजपर्यंत आमचं या मालिकेबद्दल एकदाही एकमत झालेलं नाही.

ज्यांना मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या चार्ल्सटनचा जेम्स ऑलिव्हर रिग्नी हा गृहस्थ 'रॉबर्ट जॉर्डन' या टोपणनावानं लिहायचा. व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरवर गनर, मग भौतिकशास्त्राची पदवी, मग नौदलासाठी अणुअभियंता, आणि मग लेखक. १९९० साली पहिला भाग आला. मूळ बेत तीन भागांचा होता. प्रकाशक टॉम डोहर्टी यांनी माणूस ओळखला असावा, त्यांनी सहा भागांचा करार केला. झाले चौदा, शिवाय एक पूर्वकथा वेगळी. सगळे मिळून शब्द ४४ लाखांच्या आसपास. अकरा भाग लिहून जॉर्डन २००७ साली गेले, उरलेले तीन ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकानं पूर्ण केले आणि जानेवारी २०१३मध्ये गोष्ट एकदाची संपली.

गोष्ट तशी सांगायला सोपी आहे. आडगावातली तीन पोरं. त्यातला रँड जगाला वाचवणार आणि वाचवता वाचवता मोडणारही, असं भाकीत. जग चालवणाऱ्या शक्तीचे दोन भाग, एक बायकांचा, एक पुरुषांचा. पुरुषांचा भाग विटाळलेला, जो पुरुष त्याला हात लावेल तो हळूहळू वेडा होणार. त्यामुळे सगळी सत्ता, सगळी गुपितं, सगळं राजकारण 'आयेस सेडाई' नावाच्या बायकांच्या हाती. आणि काळ चक्रासारखा फिरणारा. सात युगं येतात, जातात, पुन्हा येतात, आणि मागच्या युगातल्या माणसांच्या पुढच्या युगात दंतकथा होतात. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग यात नवीन ते काय?

पहिल्या भागावरचा नेहमीचा आक्षेप असा की हे सरळसरळ 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्कीनवरून उचललंय. उचललंच आहे. वाचकाला ओळखीच्या वाटेवरून नेऊन मग आपल्या रानात सोडायचं, हे जॉर्डननी मुद्दाम केलं होतं आणि तसं सांगितलंही होतं. यावर मला जास्त बोलायचं नाही. दुसऱ्या भागापासून तो आक्षेप गळून पडतो.

आम्हाला खरं वेड लावलं ते वेगळ्याच गोष्टीनं. १९९३ साली आलेल्या पाचव्या भागाच्या शेवटी अ‍ॅस्मोडियन नावाचा एक खलपुरुष दार उघडतो, समोर कुणीतरी उभं असतं, आणि तो मरतो. कुणी मारलं? लेखक सांगत नाही. सहाव्या भागात नाही, सातव्यात नाही. आमच्या हॉस्टेलच्या खोलीत भिंतीवर संशयितांची यादी होती. रेक्टरबाईंना ती मेसच्या पैशांची वाटायची. जगभरचे वाचक सतरा वर्षं भांडत राहिले, आणि २०१०मध्ये तेराव्या भागात उत्तर आलं तेही मागच्या शब्दसूचीत. एका नावापुढच्या नोंदीत, जाता जाता. मैत्रिणीला हा वाचकांचा अपमान वाटला. मला अजूनही ती मालिकेतली सर्वात खोडकर जागा वाटते. (नाव सांगत नाही. सतरा वर्षं नाही, निदान सतरा मिनिटं तरी तुम्हीही थांबा.)

पण खरं भांडण रखडपट्टीचं. इंग्रजी वाचकांनी तिला 'स्लॉग' असं नाव ठेवलंय. ती सुरू कुठे होते यावर वाद आहेत. कुणी सातव्या भागापासून धरतं, कुणी आठव्यापासून. तळ कुठे यावर मात्र जवळपास सगळ्यांचं एकमत आहे. दहावा भाग.

रखडपट्टीचा नमुना द्यायचा तर पेरिनच्या बायकोचा देते. तीन पोरांपैकी पेरिन हा शांत, विचारी लोहार. त्याच्या बायकोचं नाव इंग्रजीत पाहिलं तर आपण 'फेल' वाचू, पण मागच्या शब्दसूचीत उच्चार दिलाय, त्याप्रमाणे ती होते 'फाईल'. तर ही फाईल आठव्या भागाच्या शेवटी शत्रूच्या तावडीत सापडते. साल १९९८. नवरा तिच्या मागावर निघतो. नवव्या भागात तो माग काढतोय. दहाव्या भागात तो माग काढतोय. अकराव्या भागात ती सुटते, साल २००५. माझे वडील सरकारी नोकरीतले. त्यांना हे सांगितलं तर वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "सात वर्षांत सुटली? मग कुणीतरी पाठपुरावा केला असणार."

नवव्या भागाचा शेवट जबरदस्त आहे. तीन हजार वर्षं विटाळलेली ती पुरुषांची शक्ती रँड धुऊन काढतो. मालिकेतली सर्वात मोठी घटना. हे छापून आलं नोव्हेंबर २०००मध्ये. पुढचा भाग आला जानेवारी २००३मध्ये. २६ महिने वाट पाहिलेल्या वाचकानं तो उघडला तर काय, बाकीची सगळी पात्रं आपापल्या ठिकाणी बसून क्षितिजापलीकडे तो प्रचंड काहीतरी प्रकार चाललेला जाणवून एकमेकांना विचारताहेत, काय झालं असेल? लग्न लागून गेलंय, आणि पुढची सहाशे पानं मांडवाबाहेरचे लोक विचारताहेत, लागलं का हो? जॉर्डन यांनी पुढे स्वतःच मान्य केलं की ती रचना पुन्हा करायची झाली तर वेगळी करीन. गंमत म्हणजे हाच भाग न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पहिला होता. शिव्या देणारे सगळे पुस्तक विकत घेतलेले होते.

मैत्रीण तेव्हा नुकतीच अमेरिकेत गेली होती. पुस्तक निघालं त्या आठवड्यात तिनं ते घेतलं, शनिवार-रविवारी वाचलं, आणि सोमवारी मला जी ईमेल लिहिली तिच्यातली मराठी इथे छापता येणार नाही. मी उत्तर पाठवलं, मला तर आवडला.

मी वाचलाच नव्हता. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, पोटात मूल होतं, आणि इंग्रजी हार्डबॅकची किंमत बघून मी दुकानातूनच परतले होते. पण ती इतकी ठाम होती की मला दुसरी बाजू घेणं भागच होतं. आमच्या मैत्रीची घडीच तशी आहे. पुढची पंधरा वर्षं मी न वाचलेल्या पुस्तकाची वकिली केली, आणि वाईट केली असं मला वाटत नाही.

दहावा भाग मी वाचला तो मुलाच्या दहावीच्या वर्षी. हा योग मी जुळवलेला नाही. टीव्हीचं कनेक्शन काढलेलं, पाहुण्यांना बंदी, रात्री तो बारा-साडेबारापर्यंत अभ्यासाला बसायचा आणि मला त्याच्यासोबत जागं राहायचं होतं, न बोलता. मग रोज रात्री एक प्रकरण. फक्त एक. संपलं की खूण घालून मिटायचं, त्याला दूध द्यायचं, झोपायचं.

चौथ्या-पाचव्या रात्री मला कळलं की असं वाचन मी आधी पाहिलेलं आहे. आजी चातुर्मासात श्रीधरांचा 'पांडवप्रताप' वाचायची. चौसष्ट अध्याय, रोज एक. शेजारच्या चार बायका येऊन वाती वळत बसायच्या. काही अध्यायांत युद्ध असायचं, काहींत नुसता उपदेश. एखादी भिंतीला टेकून घोरायलाही लागायची, पण आजीनं तिला कधी उठवलं नाही. अध्याय चुकलेला चालत नसे, डोळा लागलेला चालत असे. 'हा अध्याय कंटाळवाणा आहे' असं म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. तसं वाटत नसेल असं नाही. पण उद्या दुसरा अध्याय होताच.

त्या चालीनं दहावा भाग वाचला तर तो वाईट नाही. मॅट हा तिघांतला जुगारी, एका फिरत्या सर्कशीच्या तांड्यातून पळत पळत एका राजकन्येची मनधरणी करतो, ते सगळं मला फार आवडलं. दोघंही एकमेकांना पाण्यात पाहतात आणि दोघांनाही पक्कं माहीत आहे की आपलं लग्न होणार. आणि दहावीच्या वर्षी काहीच न घडणारं पुस्तक वाचणं यात एक बरोबरी होती. आमच्याही घरात काही घडत नव्हतं. सगळे एका मोठ्या गोष्टीची वाट पाहत पाय न वाजवता फिरत होते.

तरी मैत्रीण चुकली असं मला म्हणता येत नाही, आणि इथेच माझी वकिली संपते. माझ्या उशाशी पुढचे चारही भाग होते. गोष्टीला शेवट आहे आणि तो छापून झालाय, हे मला माहीत होतं. पोथी ऐकणाऱ्या बायकांनाही दुर्योधन मरणार हे माहीतच होतं. २००३ साली तिच्या हातात यातलं काहीच नव्हतं. आम्ही दोघींनी एकच पुस्तक वाचलं असं लोक म्हणतील. मला तसं वाटत नाही. राजधानीतल्या सिंहासनाच्या दावेदारांची ती न संपणारी मोजदाद मात्र मला रोज एक प्रकरण करूनही गिळवली नाही. तिथे माझाही डोळा लागला, आणि आजीच्या नियमानं मी तो लागू दिला.

शेवटी तिला फोन करून कबूल केलं. वाटलं, भडकेल. ती म्हणाली, "अगं, माहीतच होतं मला. वाचला असतास तर पहिल्यांदा कुऱ्हाडीबद्दल बोलली असतीस."

दहाव्या भागात पेरिन बायकोचा ठावठिकाणा काढण्यासाठी एका कैद्याचा हात कुऱ्हाडीनं तोडतो, आपण काय केलं ते त्याला कळतं, आणि गाव सोडल्यापासून जवळ बाळगलेली ती कुऱ्हाड मागे सोडून तो चालू लागतो. अख्ख्या मालिकेत त्याच्या मनातलं इतकं कमी शब्दांत कुठे आलेलं नाही. युद्धात स्वतःच्या हातांनी माणसं मारलेल्या लेखकानं लिहिलेलं ते पान आहे, हे वाचताना जाणवतं. आणि ते पंधरा वर्षं लक्षात ठेवलं होतं कुणी, तर पुस्तकाला शिव्या घालणारीनं. बाजू घेणारीला पत्ताच नव्हता.

बायकांच्या चित्रणावर आमच्या जागा उलट झाल्या आहेत. हॉस्टेलमध्ये असताना ती भक्त होती. एवढ्या बायका, सगळ्या हुकूम देणाऱ्या, आपसात कुरघोड्या करणाऱ्या, युद्धं लढणाऱ्या. वीस वर्षांच्या आम्हाला तोवर असं काही वाचायलाच मिळालं नव्हतं. नंतर तिला खटकायला लागलं ते बारीकसारीक. जॉर्डन यांची प्रत्येक बाई नाक मुरडते. राणी असो, खानावळवाली असो, नाक मुरडून झाल्यावर झग्याच्या चुण्या सारख्या करते. नायनीव्ह ही गावची वैदू, रागीट. ती रागावली की स्वतःची वेणी ओढते. मी एकदा पेन्सिलीनं वेणीच्या खुणा करत गेले होते, चाळीसनंतर नाद सोडला. तिन्ही पोरांना आपापल्या जागी वाटत राहतं की बायका आपल्याला कळत नाहीत, त्या दुसऱ्या दोघांना कळतात. हा विनोद पहिल्या पाच वेळा छान आहे.

मी तेव्हा म्हणायचे, अगं, माझी आत्या अशीच आहे. आणि आहेच. नाक मुरडण्याच्या बाबतीत आमच्या आत्यानं आयेस सेडाईंना शिकवणी लावली असती. आज मात्र मला तिचं म्हणणं पटतं, आणि ती आता थोडी मऊ झालीय. सातव्या भागात एक राणी मॅटला सुरीच्या धाकानं शय्येवर ओढते आणि तो प्रसंग सगळ्यांनी हसण्यावारी नेलाय. विशीत आम्ही हसलो होतो. आता ते पान उलटताना हसू येत नाही. बाईच्या जागी पुरुष ठेवून पाहिलं की काय दिसतं ते दिसतं. लेखकानं बायकांना सत्ता दिली, पण त्यांच्याबद्दलची जुनी चेष्टामस्करी काही सोडली नाही. दोन्ही एकाच हातानं लिहिलेलं आहे.

२००७च्या सप्टेंबरात बातमी आली. हृदयाच्या एका दुर्मीळ आजारानं, ५८व्या वर्षी. आजार त्यांनी दीड वर्ष आधीच जाहीर केला होता. त्या आधी ते वाचकांना सांगत होते की आता एकच भाग उरलाय, मग तो कितीही जाड होवो. शेवटचा प्रसंग लिहून झालेला होता. बाकीचं त्यांनी घरच्यांना तोंडी सांगितलं, टिपणं ठेवली. मैत्रिणीचा फोन आला तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मी फारच बोलले गं त्याला." जणू माणूस आमच्या वाड्यातला होता.

पुढचा निर्णय हॅरिएट मॅकडूगल यांचा. त्या जॉर्डनच्या पत्नी आणि पहिल्या भागापासूनच्या संपादकही. नवऱ्याबद्दल सँडरसननं लिहिलेला मृत्युलेख त्यांनी वाचला, त्याची एक कादंबरी वाचली, आणि काम त्याला दिलं. पोरगा शाळेत असल्यापासून ही मालिका वाचणारा. ज्या एका भागाचं वचन होतं त्याचे तीन झाले. गाडी मात्र सुसाट सुटली. वर्षानुवर्षं लोंबकळणारे धागे शंभर-शंभर पानांत सुटायला लागले. शेवटच्या भागातलं एकच प्रकरण सुमारे ८० हजार शब्दांचं आहे, अख्खी कादंबरी मावेल इतकं, आणि त्यात फक्त लढाई आहे. मी ते एका रविवारी, कुकरच्या दोन शिट्ट्या सोडल्या तर, न उठता वाचलं. सोळाव्या तासापर्यंत ज्या पात्रांची नावं विसरले होते ती एकेक करून मरायला लागली तेव्हा रडले. तो लांबीचाच पराक्रम आहे. तीनशे पानांच्या ओळखीवर कुणी असं रडत नाही.

आणि मैत्रीण? रखडपट्टीला शिव्या देणारी, वेग हवा म्हणणारी? तिनं बारावा भाग वाचून विचारलं, "कपडे कुठे गेले?" जॉर्डन यांच्या बाहीवरच्या नक्षीचं, गळ्याभोवतीच्या लेसचं वर्णन दोन-दोन परिच्छेद चालायचं, आणि ते तिनं कायम उड्या मारत वाचलं होतं. आता ते नव्हतं तर तिला घर रिकामं वाटत होतं. शिवाय मॅट बिघडला, म्हणे. हे खरं आहे. जॉर्डनचा मॅट स्वतः विनोद करत नाही, त्याची फजिती होते आणि आपण हसतो. बाराव्या भागातला मॅट विनोद करायला लागला. सँडरसननंही नंतर मान्य केलं की मॅट आपल्याला सुरुवातीला जमला नव्हता.

पडद्यावरच्या मालिकेबद्दल थोडंच. नोव्हेंबर २०२१मध्ये आली, तीन हंगाम चालली, मे २०२५मध्ये बंद केल्याचं जाहीर झालं. पहिला हंगाम आम्हा दोघींना आवडला नाही, तिसरा दोघींना आवडला. एकमत व्हायला लागलं होतं, तेवढ्यात बंद पडली.

गेल्या डिसेंबरात ती आली होती. बॅगेत लेकीचे कपडे, चॉकलेटं, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत चौथ्या भागाचा तिचा अर्धा. रबरबँड पाच ठिकाणी. मी माझा काढला. जेवणाच्या टेबलावर दोन्ही तुकडे शेजारी ठेवले, कडा जुळवल्या. सुरी तिरकी चालली होती, ते अजून दिसतं. माझ्या तुकड्याचं शेवटचं पान ४८६. तिचं पहिलं ४९९.

मधली बारा पानं दोघींकडेही नाहीत. ती म्हणाली, तुझ्याकडे असणार, वरचा गठ्ठा तुझा होता. मी म्हटलं, अमेरिकेला जाताना तू बॅग कशी भरली होतीस ते मी पाहिलंय. त्या पानांत काय होतं ते दोघींनाही आठवेना. दोघींनी ती वाचली होती की नाही, तेही नक्की सांगता येईना.

"काही नसेल गं," ती म्हणाली, "कुणीतरी वेणी ओढली असेल."

मी माळ्यावरचा खोका काढायला स्टूल ओढलं.